बॅकअप: नक्कल यंत्राने काढावी, खात्री माणसाने करावी

३१ मार्चला जालन्याच्या नव्या मोंढ्यातल्या आडतीपासून एमआयडीसीतल्या रोलिंग मिलपर्यंत सगळीकडे आर्थिक वर्ष बंद करण्याची धावपळ असते. जगभर २०११ पासून हीच तारीख ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणून पाळली जाते. योगायोग असला तरी तो आपल्या कामाचा आहे. वर्षभराचा हिशोब ज्या संगणकात आहे, त्याची दुसरी प्रत कुठे आहे, हे विचारायला याहून योग्य दिवस सापडणार नाही. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळते: ‘पेन ड्राइव्हवर घेतो की अधूनमधून.’ सगळा धोका या ‘अधूनमधून’मध्ये आहे. आठवणीवर सोडलेला बॅकअप घाईच्या दिवसांत राहून जातो, आणि सर्वांत जास्त नवा डेटा तयार होतो तोही घाईच्याच दिवसांत.

म्हणून या लेखाचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. प्रत काढण्याचे काम वेळापत्रक लावून यंत्राकडे द्यावे. ती प्रत खरोखर उघडते का, हे पाहण्याचे काम मात्र नावानिशी नेमलेल्या एका माणसाकडे असावे. यातले एक काम झाले आणि दुसरे राहिले, तर बॅकअप असूनही नसल्यासारखाच.

जिल्ह्याचा डेटा कुठे कुठे आहे

बॅकअप म्हटले की मोठ्या शहरातल्या आयटी कंपन्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात आपल्या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत अशा फायली आहेत, की त्या गेल्या तर पैसे मोजूनही परत मिळणार नाहीत.

बियाण्यांचेच पाहा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळाले, आणि जालन्याची ओळख बियाण्यांचे गाव अशी झाली. बियाणे संशोधनाचा कणा म्हणजे चाचणी प्लॉटच्या नोंदी: कोणत्या वाणाची उगवण किती, फुलोरा कधी, उतारा किती. एका खरिपाच्या नोंदी उडाल्या तर तो खरीप पुन्हा घेता येत नाही. त्या वर्षीचा पाऊस आणि ती कीड पुन्हा तशीच येत नाही. हिशोब एक वेळ बिलांवरून पुन्हा मांडता येतो, शेतातले निरीक्षण मांडता येत नाही.

पोलादाचेही तसेच. टीएमटी सळईसाठी आयएस १७८६ हे भारतीय मानक आहे. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक हीटला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाशी रासायनिक व ताण चाचणीचे निकाल जोडलेले असतात. काही वर्षांनी एखाद्या पुलाच्या किंवा इमारतीच्या कामात सळईबद्दल शंका निघाली, तर कारखान्याची बाजू मांडणार ती हीच फाइल. मिलमधल्या स्वयंचलित यंत्रणेचे प्रोग्रॅम असतात, गेटजवळच्या केबिनमध्ये धुळीत चालणारा वजनकाट्याचा जुना संगणकही असतो. काट्याच्या पावत्यांवर खरेदी-विक्रीचा सगळा व्यवहार उभा असतो आणि बॅकअपच्या यादीत नेमका तोच संगणक विसरला जातो.

मोंढ्यात शेतकऱ्याला दिलेली हिशोबपट्टी, आडत, हमाली, तोलाई आणि कोणाची किती बाकी हे सगळे टॅलीत किंवा तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओकडे कुटुंबांच्या आठवणी आहेत, शाळांकडे निकाल आणि दाखले आहेत.

जुनी नोंद सापडण्याला किती मोल असते, हे तर या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०२३ च्या ऑगस्टअखेर अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी सुरू झालेल्या उपोषणानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातल्या कुणबी नोंदींसाठी महसुली दप्तरे, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची जुनी रजिस्टरे आणि मोडी, उर्दूतले कागद चाळले गेले. शोध हैदराबादपर्यंत गेला. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट सर्वांना दिसली: जिथे कागद टिकला तिथे नोंद सापडली, आणि इथे नसलेली नोंद दुसऱ्या गावी असू शकते म्हणून शोधाला अर्थ राहिला. आज आपण करतो आहोत ती स्कॅनिंग आणि डेटा एंट्री पुढच्या पिढ्यांचे दप्तर आहे. ते एकाच हार्ड डिस्कवर ठेवणे म्हणजे त्यांच्या हक्काशी खेळणे आहे.

डेटा जातो कसा

डिस्क बिघडते, हे सर्वांत साधे कारण. त्याच्या जोडीला चुकून केलेले डिलीट, जुन्या फायलीवर नवी सेव्ह करणे, चोरी, वीज येता-जाताना करप्ट झालेली फाइल आणि दुरुस्तीला आलेल्याने न विचारता मारलेला फॉरमॅट. या कारणांनी गेलेला डेटा टेबलावरच्या दुसऱ्या डिस्कवर असला, तरी बहुधा परत मिळतो.

दोन संकटे मात्र वेगळी आहेत. पहिले आग आणि पाणी. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर पसरली, माणसे दगावली आणि असंख्य फायली जळाल्या. त्यानंतर राज्यात ई-ऑफिसला वेग आला. पण कागदाऐवजी संगणक आला म्हणून आग थांबत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. अधिकाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवण्याच्या ‘जी-ड्राइव्ह’ या यंत्रणेतला ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला. आकार फार मोठा म्हणून त्याची प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशात हे घडले.

दुसरे संकट रॅन्समवेअरचे. हा व्हायरस फायली कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. त्या क्षणी संगणकाला जोडलेली बाहेरची डिस्कही तो सोडत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर असे बंद पडले आणि नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने, कागदावर करावे लागले.

त्याआधी २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले तेव्हा न्हावाशेवा बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले होते. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या जगभरच्या जाळ्याची ओळख सांभाळणारे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून वेगळ्या बॅकअपची गरज कोणाला वाटली नव्हती. नक्कल करता करता सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. आपल्याला यातून शिकायचे ते एवढेच, की जाळ्यापासून तुटलेली एक प्रत हवी, आणि ती नशिबाने नव्हे, ठरवून तुटलेली हवी.

कायदा काय सांगतो

बॅकअप हा केवळ शहाणपणाचा विषय राहिलेला नाही. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये बदल झाला. इलेक्ट्रॉनिक हिशोबवह्यांचा बॅकअप पूर्वी ‘ठरावीक काळाने’ भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा होता. आता तो दररोज ठेवायचा आहे. एमआयडीसीतल्या प्रत्येक प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला हे लागू आहे. हिशोबवह्या आठ आर्थिक वर्षे जपायच्या, हेही त्याच कायद्यात आहे.

जीएसटीचा नियम ५७ भागीदारी फर्म असो वा एकट्याचे दुकान, नोंदणी असलेल्या प्रत्येकाला लागू पडतो. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत त्या पुन्हा उभ्या करता येतील, असा इलेक्ट्रॉनिक बॅकअप त्यात अपेक्षित आहे. नोंदी जपायच्या त्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. म्हणजे २०२४-२५ च्या नोंदी साधारणपणे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत उघडता आल्या पाहिजेत. तोवर तो संगणक भंगारात गेलेला असेल, हे गृहीत धरूनच चालले पाहिजे.

किती प्रती, कुठे

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने २००५ च्या सुमारास फोटो सांभाळण्यावरच्या आपल्या पुस्तकात ३-२-१ हे सूत्र मांडले आणि ते जगभर रूढ झाले: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. एका छायाचित्रकाराच्या गरजेतून आलेले हे सूत्र भोकरदनच्या स्टुडिओला आणि परतूरच्या कृषी सेवा केंद्राला तसेच्या तसे लागू होते.

जालन्यात त्याचे रूप असे असू शकते. पहिली प्रत कामाच्या संगणकात. दुसरी दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आलटून पालटून: या आठवड्यात एक जोडलेली, दुसरी घरच्या कपाटात, शनिवारी अदलाबदल. तिसरी क्लाउडवर. दोन डिस्कचा खर्च काही हजार रुपये आहे. अदलाबदलीमुळे एक प्रत नेहमी तारेपासून तुटलेली आणि दुकानापासून लांब राहते, म्हणजे आग आणि रॅन्समवेअर या दोन्हींवर एकच उपाय होतो. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, पण वर्षानुवर्षे जपायच्या दप्तरासाठी त्याच्यावर विसंबू नये.

वेळापत्रक: खरी अडचण इथे आहे

किती वेळाने प्रत घ्यायची, हे ठरवण्याचा साधा प्रश्न असा: किती तासांचे काम पुन्हा करायची आपली तयारी आहे? सोयाबीन आणि कापसाच्या आवकेच्या दिवसांत आडत्याला अर्ध्या दिवसाच्या पट्ट्याही पुन्हा बनवता येणार नाहीत. तिथे दिवसातून दोनदा प्रत हवी. शाळेला एरवी दिवसातून एकदा पुरते, पण जूनमधल्या प्रवेशांच्या आणि निकालाच्या दिवसांत तेवढ्यावर भागत नाही. जुन्या फोटोंच्या न बदलणाऱ्या साठ्याला आठवड्यातून एकदा चालते.

साधने तर संगणकातच असतात. विंडोजमध्ये २०१२ पासून ‘फाइल हिस्टरी’ आहे. ती चालू केली की दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत जोडलेल्या डिस्कवर जाते आणि जुन्या आवृत्त्याही राहतात. पण ती डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांपुरतीच पाहते. टॅलीचा डेटा किंवा डी ड्राइव्हवरचे फोल्डर त्यात आपल्याला मुद्दाम घालावे लागते. ते न घातल्यामुळे ‘बॅकअप चालू आहे’ असे दिसत राहते आणि हिशोब मात्र त्यात नसतो. मॅकवर २००७ पासून ‘टाइम मशीन’ आहे. लिनक्सवर १९९६ पासूनचे ‘आरसिंक’ आणि त्याला वेळ लावून देणारे ‘क्रॉन’ आहेच.

विंडोजचा ‘टास्क शेड्यूलर’ सर्वांत उपयोगी, आणि आपल्याकडे फसतोही तोच. पुस्तकांतला सल्ला असतो, रात्री दोन वाजता बॅकअप लावा. आपल्याकडे आठला शटर खाली येते आणि मेन स्विचच बंद होतो. दोन वाजता जागा संगणक असणार कुठे? म्हणून वेळ कामाच्या तासांतली निवडावी: एक दुपारच्या जेवणाची, दुसरी दिवस बंद करतानाची. आणि टास्क बनवताना दोन खुणा जरूर पाहाव्यात. ‘कंडिशन्स’ या पानावर ‘संगणक विजेवर असेल तरच टास्क सुरू करा’ या अर्थाची खूण आधीपासूनच केलेली असते. वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर गेला, आणि नेमकी तीच वेळ बॅकअपची असली, तर तो सुरूच होत नाही. लॅपटॉपवर काम असेल तर ही खूण काढावी. ‘सेटिंग्ज’ या पानावर ‘ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर टास्क चालवा’ ही खूण आपल्याला स्वतः करावी लागते. ती केली की वीज आल्यावर, संगणक सुरू झाल्यावर राहिलेला बॅकअप आपोआप होतो. महावितरणचे वेळापत्रक आपल्या हातात नाही, या दोन खुणा आहेत. भारनियमनाच्या मुलखात बॅकअप होणार की नाही, ते बरेचसे त्यांच्यावर ठरते.

प्रत काढायला विंडोजमधलीच ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा पुरते. तिचा ‘मिरर’ हा पर्याय मात्र जपून वापरावा. मूळ फोल्डरमधून फाइल डिलीट झाली की तो ती प्रतीतूनही काढून टाकतो. त्यापेक्षा सोमवार ते रविवार अशी वारांची सात फोल्डरे करावीत आणि त्या त्या वारी त्या त्या फोल्डरात प्रत जावी. महिनाअखेरची प्रत वर्षभर ठेवावी, ३१ मार्चची प्रत कायद्याची मुदत संपेपर्यंत. गेल्या मंगळवारी झालेली चूक आज लक्षात आली तरी सोमवारची फाइल हाती राहते. टॅली उघडी असताना तिचे फोल्डर कॉपी केले तर अर्धवट प्रत मिळू शकते. म्हणून आधी कंपनी बंद करावी किंवा टॅलीतलाच बॅकअप पर्याय वापरावा.

टास्क झाला का, हे ‘लास्ट रन रिझल्ट’ या रकान्यात दिसते. एरवी तिथे शून्य म्हणजे यशस्वी आणि एक म्हणजे बहुधा बिघाड. रोबोकॉपीत मात्र एक म्हणजे नव्या फायली नीट कॉपी झाल्या, आणि आठ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे काहीतरी फसले. हे माहीत नसल्यामुळे चांगला चाललेला टास्क कोणी काढून टाकू नये, म्हणून मुद्दाम सांगितले.

क्लाउड: मदतीचा, पण पुरेसा नव्हे

गुगल ड्राइव्हवर १५ आणि वनड्राइव्हवर ५ जीबी जागा मोफत मिळते. हिशोबाच्या फायलींना ती सहज पुरते. पण फोल्डर ‘सिंक’ करणे म्हणजे बॅकअप नव्हे. इथे डिलीट केले की तिथेही डिलीट होते, इथली फाइल कुलूपबंद झाली की तिथेही तीच जाते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, मग कायमची जाते. मार्चमधली चूक ऑगस्टच्या ऑडिटमध्ये सापडली तर ३० दिवस कसे पुरणार? म्हणून क्लाउडवर तारीख घातलेली वेगळी प्रत चढवावी, आणि ती चढवण्याचे कामही टास्कलाच द्यावे.

दुसरा प्रश्न वेगाचा. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर १०० जीबी चढायला २२ तासांहून जास्त लागतात. घनसावंगी किंवा मंठ्याच्या आतल्या गावात लाइन तुटत राहते, ते वेगळेच. म्हणून पहिला मोठा साठा डिस्कवर ठेवावा, आणि क्लाउडवर रोज बदललेल्या फायलीच पाठवाव्यात. या पद्धतीला ‘इन्क्रिमेंटल’ म्हणतात.

लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रांनी आणखी एक भान ठेवावे. अर्जदारांची आधार कार्डे, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुके यांचा ढीग वर्षानुवर्षे साठवणे हा बॅकअप नव्हे, ती जोखीम आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे. काम झाले की त्या फायली पुसाव्यात, आणि जे ठेवणे भाग आहे ते पासवर्डने कुलूपबंद डिस्कवर ठेवावे. लोकांनी विश्वासाने दिलेली कागदपत्रे आहेत ती.

मराठी फायलींचा वेगळा प्रश्न

आपल्याकडे एक गोष्ट हमखास सुटते. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी काम श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकरमध्ये झाले आहे. स्थानिक साप्ताहिकांचे जुने अंक, संस्थांच्या स्मरणिका, लग्नपत्रिकांपासून सहकारी संस्थांच्या अहवालांपर्यंत सगळे त्यात आहे. अशा फायलीची प्रत सुखरूप असली तरी तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर समोर येतात ती निरर्थक चिन्हे. काही सॉफ्टवेअरला तर यूएसबीचे लॉक लागते. ते हरवले की दार बंद. तेव्हा जुन्या दप्तराच्या बॅकअपमध्ये फॉन्टच्या फायली आणि सॉफ्टवेअर तर हवेच, शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या फायलीची पीडीएफ हवी आणि शक्य तिथे मजकूर युनिकोडमध्ये उतरवून ठेवलेला हवा. हे काम आज होऊ शकते, कारण तो फॉन्ट चालणारा एखादा जुना संगणक अजून डीटीपीच्या दुकानात सुरू आहे. पाच-दहा वर्षांनी तो सुरू असेल, असे कोणी सांगावे?

प्रत उघडून पाहणे

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा डिलीट झाला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. एकही धड कामी आली नाही. रोजचा स्वयंचलित बॅकअप आवृत्ती न जुळल्याने केव्हापासून फसत होता, आणि फसल्याचे कळवणारे ईमेल पोहोचतच नव्हते. सुदैवाने कोणीतरी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत सापडली. तेवढ्या तासांचे काम मात्र गेले ते गेलेच. कंपनीने हे सगळे जाहीरपणे मांडले, म्हणून जगाला शिकता आले.

इथेच माणसाचे काम सुरू होते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, नेमलेल्या व्यक्तीने बॅकअपमधून तीन फायली घ्याव्यात: एक कालची, एक गेल्या महिन्यातली, एक गेल्या वर्षातली. त्या दुसऱ्याच संगणकावर उघडाव्यात. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून एखाद्या खात्याची बाकी मूळ वहीशी जुळवावी. मग तारीख, फायलींची नावे आणि सही एका साध्या वहीत लिहावी. या कामाला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागत नाही. आणि हे काम मालकाच्या पुतण्याचे, ऑपरेटरचे की शाळेतल्या लिपिकाचे, हे नावानिशी ठरलेले असावे. सगळ्यांचे म्हटलेले काम कोणाचेच नसते.

काय करता येईल

साधनांची उणीव नाही, पैशांची अडचणही फार मोठी नाही. कमी पडते ती रीत. ती लावण्याची ताकद जिल्ह्यातल्या संस्थांकडे आहे. चार्टर्ड अकाउंटंट आणि करसल्लागारांनी ऑडिटच्या वेळी खातेवहीबरोबर रिस्टोअरची वही मागितली, तर एका वर्षात मोंढ्याची आणि एमआयडीसीची सवय बदलेल. बाजार समितीला हंगामापूर्वी आडत्यांसाठी एक प्रात्यक्षिक घेता येईल. एमएस-सीआयटीच्या केंद्रांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक टास्क लावून आणि एक फाइल परत आणून दाखवून घ्यावी. ही मुलेच उद्या दुकानांत आणि कार्यालयांत बसणार आहेत. शाळा आणि ग्रामपंचायतींनी जुन्या रजिस्टरांचे स्कॅन तालुक्याबाहेर एका ठिकाणी ठेवण्याचा ठराव करावा.

एकट्याला सुरुवात करायची असेल तर आजची संध्याकाळ पुरे: एक डिस्क, एक टास्क, त्या दोन खुणा, आणि उद्या सकाळी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेली एक फाइल. ती उघडली की मगच आपला बॅकअप आहे असे म्हणावे.